परत सांग

“अहो, सिग्नलला थांबायची सवय तुम्हाला आजच लागली का?” मंदाकिनी पोंक्षेंनी रिक्षावाल्याला विचारलं.

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. “मावशी, तुमची गाडी कितीची आहे?”

“माझी गाडी नाहीये. मला एका मुलीला गाडीत चढण्याआधी गाठायचंय.”

एवढं ऐकल्यावर मात्र त्याला चेव आला. पळून चाललेली मुलगी आणि तिच्यामागे धावणारी आई असं काहीतरी त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं. त्याने लक्ष्मी रस्ता सोडला आणि रास्ता पेठेतल्या बोळांमधून रिक्षा अशी काही काढली, की मंदाकिनीबाईंनी एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने चष्मा धरला. “मावशी, आपण पोचतोच!” तो ओरडून सांगत होता. त्या मनातल्या मनात स्वतःवर चरफडत होत्या. चार महिने दर रविवारी ती मुलगी समोर येऊन बसत होती, विचारलं की ‘हो’ म्हणत होती, आणि आपण समजत होतो सगळं छान चाललंय!

आप्पासाहेबांचा फोन थोड्या वेळापूर्वीच आला होता. “मंदाताई, तुमची राजनंदिनी नापास झाली. दोन विषयांत. पेटी घेऊन स्टेशनवर गेलीय म्हणे, तिच्या खोलीतल्या मुलीने कळवलं. संध्याकाळच्या नागपूरच्या गाडीने घरी चाललीय. कायमची.”

बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत आप्पासाहेबांचं मंडळ चालत असे. गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्या हुशार पण गरीब मुलांची फी मंडळ भरायचं आणि शिवाय प्रत्येक मुलाला शहरातला एकेक ‘सोबती’ जोडून द्यायचं. सोबत्याने काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मंदाकिनीबाई टेलिफोन खात्यातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सगळी नोकरी परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक बोर्डावर गेली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात वायरी. मग कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ उगवले, लोक आपापले नंबर स्वतःच फिरवू लागले आणि ट्रंक बोर्डावरच्या बायका एकेक करून उठल्या. नवरा गेलेला, मुलगा आमोद अमेरिकेत. सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये दिवसभर बोलायला कुणी नाही. आप्पासाहेबांनी विचारलं, तेव्हा त्यांनी आधीच बजावलं होतं, “मला इंजिनिअरिंगमधलं ओ की ठो कळत नाही.”

“म्हणूनच तुम्ही हव्या,” आप्पासाहेब म्हणाले होते. “ज्यांना कळतं, ते लगेच शिकवायला बसतात.”

राजनंदिनी देवतळे सापडली ती फलाटाच्या अगदी शेवटी. पत्र्याच्या पेटीवर बसली होती. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीची मुलगी. वडील ज्ञानदेव यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आई गोदाबाई अंगणवाडीत. बारावीला तालुक्यात पहिली आली, तेव्हा आर्वीत तिची मिरवणूक निघाली होती म्हणे. आता मान खाली, वेणी विस्कटलेली आणि डोळे रडून सुजलेले. गाडी समोर उभीच होती.

मंदाकिनीबाई धापा टाकत तिच्याशेजारी पेटीवरच टेकल्या.

“थांबवू नका मले, काकू,” ती मान वर न करता म्हणाली.

“मी कुठे थांबवतेय? एवढ्या लांब आले, जरा दम तरी खाऊ देशील? नापास कशात झालीस?”

“बेसिक इलेक्ट्रॉनिक्स. आन् मेकॅनिक्स.”

“इलेक्ट्रॉनिक्स समजत नाही?”

“समजते न!” आता मान वर झाली. “सगळं समजते. पन पेपरात इंग्लिशमधी लिवता येत नाही. तोंडी परीक्षेत सरांनी इचारलं, डायोड म्हंजे काय. मले येत होतं काकू. पन सगळे पाहून राहिले होते माह्याकडं. तोंडच नाही उघडलं.”

“मग मला सांग. मी काही सर नाही आणि मला इंग्लिशमधलंही नको. डायोड म्हणजे काय?”

“आता?”

“नाहीतर कधी? तू चाललीस आर्वीला. मला पुन्हा कोण सांगणार?”

राजनंदिनीने गाडीकडे पाहिलं, मग बाईंकडे. “तुमाले सायकल चालवता येते?”

“कॉलेजात असताना चालवायचे.”

“मंग पाहा. पायडल समोर मारलं त चाक फिरते. मांगं मारलं त नुस्तं कट्कट् वाजते, चाकाले काहीच होत नाही. मांगच्या चाकात फ्रीव्हील राहते न, त्याच्यानं. माह्या बाबाच्या दुकानात म्या कितीक खोलले. डायोड बी तसाच. करंट इकडून आला त जाऊ देते, तिकडून आला त आडवते.”

“का अडवतो?”

“हां, तेच सांगतो न!” आणि ती पेटीवरून उठलीच. पेटीच्या झाकणावरच्या धुळीत तिने बोटाने एक चौकोन काढला, मधोमध रेघ मारली. एका बाजूला काय असतं, दुसऱ्या बाजूला काय असतं, मधल्या रेघेपाशी गर्दी कशी होते, बॅटरी एका बाजूने लावली की ती गर्दी कशी पातळ होते आणि उलटी लावली की कशी दाटते. हात हलत होते, वेणी खांद्यावरून पुढे येत होती, शब्द एकमेकांवर आदळत होते. मंदाकिनीबाईंना निम्म्याहून अधिक कळलं नाही. पण चार महिने समोर मुक्यासारखी बसलेली हीच ती मुलगी, यावर त्यांचा विश्वास बसेना. “आणि मग?” त्या विचारत होत्या. “म्हणजे कसं? परत सांग.” आणि ती परत सांगत होती, आधीपेक्षा सोपं करून.

शिट्टी झाली. डबे हलले. ती बोलतच होती. शेवटचा डबा पुढून निघून गेला आणि फलाट एकदम उजेडाने भरला, तेव्हा ती दचकली.

“गाडी गेली न काकू!”

“हो. मी पाहिली जाताना.”

“मंग सांगितलं काऊन नाही?”

“तू बोलत होतीस. आम्ही ट्रंक बोर्डावर कुणाचं बोलणं मध्येच तोडत नसू.”

राजनंदिनी आधी रडली. मग रडता रडता तिला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. मंदाकिनीबाईंनी हमाल बोलावला. पेटी पुन्हा रिक्षात चढली. तोच रिक्षावाला बाहेर थांबला होता. त्याने दोघींना पाहिलं आणि एखादी शर्यत जिंकल्यासारखा हॉर्न वाजवला.

पुढच्याच आठवड्यात मंडळाची बैठक होती. तिथे गोपाळकृष्ण नावाचे सनदी लेखापाल होते. माणूस वाईट नव्हता. देणग्या तेच गोळा करून आणत, आणि देणाऱ्यांना तोंड देण्याचं कामही त्यांच्याच वाट्याला येई. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नापास होणाऱ्याची शिष्यवृत्ती बंद. बाहेर इतकी मुलं वाट पाहत उभी असताना एकीलाच सवलत का?

“तुम्ही पोहायला कुठे शिकलात?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“म्हणजे? टिळक तलावावर. त्याचा इथे काय संबंध?”

“पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं असेल ना? मग मास्तरांनी बाहेर काढून घरी पाठवलं, की पुन्हा पाण्यात ढकललं?”

कुणीतरी खुदकन हसलं. गोपाळकृष्ण हसले नाहीत. “बाई, भावनेवर संस्था चालत नाही.”

“मान्य. पण मग आपण करतो काय? फी भरतो आणि मोकळे होतो. तिला वर्गात तोंड उघडता येतं की नाही, हे चार महिने मीसुद्धा कधी खोदून विचारलं नाही. नापास ती एकटी झालेली नाही. तिच्याबरोबर मीही झालेय. शिष्यवृत्ती तिची काढणार असाल, तर सोबतीपण माझंही काढा.”

आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. अखेर गोपाळकृष्णच म्हणाले, “वर्षअखेरपर्यंत. दोन्ही विषय सुटले पाहिजेत. मग बघू.”

मंदाकिनीबाई कठडा धरून जिना उतरल्या. आयुष्यात कधी कुठल्या बैठकीत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. खाली आल्यावर त्यांनी दगडूशेठच्या दिशेने हात जोडले आणि जरा विचार करून रस्त्याकडेचा उसाचा रस प्यायल्या. मोठा ग्लास.

आता करायचं काय, ते त्यांनी फलाटावरच ठरवलं होतं. मुलीला सगळं येत होतं. चार माणसं बघायला लागली, की मात्र तिचं तोंड बंद होत होतं. मग जिथे कुणी बघत नाही, तिथे बोलायचं. टेलिफोनवर.

कॉलेज सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे होतं. होस्टेलवर फोन नव्हता. कॉलेजच्या फाटकासमोर मात्र एक एसटीडी बूथ होता आणि त्यात धोंडिबा नावाचे लोणीचेच गृहस्थ बसत. मंदाकिनीबाई स्वतः जाऊन त्यांना भेटल्या. रोज संध्याकाळी आपण इथे फोन करणार, ही मुलगी येऊन घेणार, एवढीच विनंती.

“करा की,” धोंडिबा म्हणाले. “पर गिऱ्हाईक आलं तर म्या मदी बोलनार बरं का.”

आणि सुरू झालं. रोज संध्याकाळी दिवेलागणीला मंदाकिनीबाई फोनपाशी बसत. राजनंदिनी त्या दिवशी वर्गात जे शिकवलं ते सांगे. आधी आपल्या बोलीत, मग तेच इंग्रजीतून. इंग्रजीत अडखळली, की बाई म्हणत, “घाई नाही. श्वास घे. परत सांग.” वऱ्हाडी सोड, असं मात्र त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. “भाषा तुझीच राहू दे. आवाज तेवढा आत ओढू नकोस. शेवटचा शब्द गिळतेस तू. त्याचे पैसे पडत नाहीत, पुरा बोल.”

काही दिवस तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मग हळूहळू शब्द सुटे झाले. एकदा मध्येच धोंडिबांचाच आवाज आला. “ताई, तुमची पोरगी आज लई ग्वाड बोलली बगा. त्ये ट्रानझिस्टर म्हंजे पाण्याच्या पाटावरचं दार. एवढंसं दार हलवलं की एवढं मोठं पानी सुटतंय. मलाबी समजलं!” मागून राजनंदिनीचं हसू. मंदाकिनीबाई इकडे एकट्याच फोनपाशी टाळ्या वाजवत होत्या, आणि आपण रिसीव्हर खांद्याला लावून टाळ्या वाजवतोय, हे लक्षात आल्यावर स्वतःच लाजल्या.

वर्षअखेरचा निकाल लागला, तेव्हा मुलगी फोनवर न बोलता थेट सदाशिव पेठेत आली. जिन्यावरूनच ओरडत आली. “काकू! सुटले न दोन्ही! इलेक्ट्रॉनिक्सच्या तोंडीमधी सर म्हणे, बस, बस, आता थांब!” शेजारचे जोशी दार उघडून म्हणाले, “दुपारची वेळ आहे, जरा हळू.” मंदाकिनीबाई म्हणाल्या, “आज नाही.” आणि दार लावून घेतलं. मग त्यांनी शिरा केला. मंडळातही पेढे वाटले आणि पहिला पेढा स्वतःच्या हाताने गोपाळकृष्णांना दिला. त्यांनी तो खाल्ला आणि पुढच्या बैठकीत एक ठराव मांडला. यापुढे नुसत्या गुणांवर शिष्यवृत्ती काढायची नाही, आधी सोबत्याला विचारायचं. ठराव त्यांचाच, म्हणून तो मंजूरही झटक्यात झाला.

दिवस भराभर उडू लागले. मुलीच्या तोंडी संगणकाच्या भाषांची नावं येऊ लागली. पुण्यात सगळीकडे तेच वारं होतं. दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे संगणक बिघडणार, ते दुरुस्त करायला माणसं हवीत, हिंजवडीच्या उसाच्या रानांत काचेच्या इमारती उठताहेत, अशा बातम्या. राजनंदिनी सुट्टीत गावाला गेली, की ज्ञानदेव तिला दुकानात बसवून गिऱ्हाइकांना ऐकवत, “बोल वं, थोडं इंग्लिश बोल.” ती परत आली की मंदाकिनीबाईंना हे सगळं नकला करून दाखवी.

तिसऱ्या वर्षी एके संध्याकाळी फोनवर ती ‘बायस’ असं काहीतरी म्हणाली आणि मंदाकिनीबाईंना ‘पायस’ ऐकू आलं. “पायस? खीर कुठून आली मध्येच?” त्यांनी विचारलं. दोघी हसल्या. पण नंतर असं वारंवार होऊ लागलं. आधी डावा कान गेला, मग उजव्यातही कापूस भरल्यासारखं झालं. डॉक्टरांनी तपासलं. इतकी वर्षं कानाला हेडफोन, त्यात ट्रंक लाइनीची खरखर. शीर दुबळी झालीय म्हणाले. यंत्र बसवा, थोडा फरक पडेल, पण फोनवरचं बोलणं अवघडच जाणार.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ज्या कानांवर आयुष्य काढलं, ज्या कानांनी कलकत्त्याच्या पलीकडून आलेला पुसटसा ‘हॅलो’ टिपला, ते कान गेले, हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. आमोद रविवारी अमेरिकेतून बोलायचा. त्याच्या आवाजाची चाल ऐकून त्या ‘हो, हो’ म्हणायच्या. तो समाधानाने फोन ठेवायचा.

राजनंदिनीला मात्र ‘हो, हो’ म्हणून चालण्यासारखं नव्हतं. आपण नुसतं हुं हुं करत राहिलो, तर ती पुन्हा शब्द गिळायला लागेल, या भीतीने त्या म्हणत, “परत सांग. आणखी स्पष्ट. प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू आलं पाहिजे.” मुलीला वाटलं, काकूंनी आता परीक्षा कठीण केली. ती जिद्दीला पेटली. शब्द तोलून, तोडून, आवाज नीट उचलून बोलू लागली. एकच गोष्ट दोनदा, तीनदा, वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगू लागली. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं, तेव्हा परीक्षक म्हणाले, शेवटच्या रांगेपर्यंत अक्षर न् अक्षर पोचवणारी मुलगी फार दिवसांनी ऐकली. मंदाकिनीबाईंनी त्या दिवशीही दोनदा विचारलं, “काय म्हणाले? परत सांग.” तेवढं तरी नीट कानात साठवायचं होतं.

आणि मग शेवटच्या वर्षी तो दिवस आला. हिंजवडीत नवी इमारत बांधणारी एक सॉफ्टवेअर कंपनी कॉलेजमध्ये मुलं निवडायला येणार होती. मंदाकिनीबाई सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होत्या. देवापुढे दिवा लावला, मग तो तेवतोय का ते पाहायला पुन्हा पुन्हा गेल्या. भात करपला. आप्पासाहेब दर थोड्या वेळाने फोन करत, “काही कळलं?” त्यांचा आवाज घोगरा आणि मोठा, म्हणून तो अजून कळत होता. “फोन ठेवा हो,” बाई ओरडल्या, “तिचा येईल ना एवढ्यात! लाइन अडवून काय बसलाय!”

ऊन कलल्यावर फोन वाजला. त्यांनी रिसीव्हर उजव्या कानाला घट्ट लावला.

तिकडून नुसता कल्लोळ आला. पुष्कळ मुलींचा ओरडा, धोंडिबांचा असावा असा एक जाड आवाज, आणि त्या सगळ्यांत राजनंदिनीचा. ती रडत होती की हसत होती? “काय? नीट सांग,” त्या म्हणाल्या. “परत सांग. पोरी, परत सांग!” तिने परत सांगितलं असावं. कानात समुद्र घोंघावत होता, त्यात एक शब्दही सुटा होईना. मग फोन बंद झाला.

मंदाकिनीबाई रिसीव्हर हातात धरून उभ्या राहिल्या. घेतलं की नाही घेतलं? तिकडचा नंबर फिरवून पुन्हा विचारता आलं असतं. पण पुन्हा तोच समुद्र ऐकू आला असता. आप्पासाहेबांना सांगून विचारायला लावता आलं असतं. ते त्यांना नको होतं. ही बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना ऐकायची नव्हती.

त्यांनी पायांत चपला सरकवल्या. आमटीखालचा गॅस बंद केला की नाही, हे पाहायला जिन्यावरून परत आल्या, बंद होता, पुन्हा उतरल्या. स्वारगेटहून लोणीची बस मिळाली. बस हडपसरला अडकली, तशा त्या कंडक्टरवर डाफरल्या. “तुम्ही खाली उतरून चालत या, म्हणजे बस पुढे जाईल,” कंडक्टर म्हणाला असावा. शब्द ऐकू आले नाहीत, पण तोंडावरून कळलं. एरवी त्यांनी त्याला सोडलं नसतं. आज मात्र त्या चक्क हसल्या. शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई त्यांच्या कानाशी येऊन ओरडली, “कालेजाला जायाचंय? त्ये काय, म्होरल्या स्टापाला हाय. घाबरू नगा!”

“घाबरले नाहीये,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “मला आनंद झालाय. म्हणजे बहुधा.”

बस थांबायच्या आधीच त्या दारात उभ्या होत्या. फाटकापाशी मुलामुलींचे घोळके होते. टाय सैल केलेले मुलगे, उसन्या बुटांनी लंगडणाऱ्या मुली, कुणी गुलाल कुठून आणलाय, कुणी भिंतीला टेकून एकटंच बसलंय. बूथसमोरच्या घोळक्यातून राजनंदिनीने त्यांना पाहिलं आणि ती धावत सुटली. साडीत धावायची सवय नव्हती. निऱ्या हातात गोळा करून ती समोर येऊन उभी राहिली आणि भडाभडा बोलू लागली.

“थांब,” मंदाकिनीबाईंनी तिचे दोन्ही दंड धरले. “मला ऐकू नाही आलं.”

“फोनवर सांगितलं न तुमाले! दोनदा सांगितलं!”

“तेच म्हणतेय. ऐकू नाही आलं. मला ऐकू येत नाही आता, नंदे. फोनवर तर अजिबातच नाही.”

हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढेही उच्चारलं नव्हतं. तोंडातून गेलं, आणि त्यांना वाटलं तेवढं काही ते जड नव्हतं.

राजनंदिनीच्या डोळ्यांत काहीतरी मागे मागे जाऊन जुळत होतं. मग ती त्यांच्या अगदी समोर आली, चेहरा चेहऱ्याच्या रेषेत आणला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “मले घेतलं, काकू. पहिल्या यादीत. माहं नाव पहिल्या यादीत आहे.”

“परत सांग.”

“मले घेतलं!”

“आलं ऐकू. नुसतं पुन्हा ऐकावंसं वाटलं.”

मग मात्र दोघींनी एकमेकींना मिठी मारली, आणि आजूबाजूच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. राजनंदिनी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगत सुटली. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, पहिल्या सत्रात तू दोन विषयांत नापास कशी काय? “म्या म्हटलं, मॅडम, तेव्हा मी बोलत नव्हते. मंग म्हटलं, आता तुम्हाला थांबवावं लागेल. त्या हसल्या आन् पेन खाली ठेवून ऐकत बसल्या!”

जराशाने तिने विचारलं, “म्हंजे ते रोजचं ‘परत सांग, आणखी स्पष्ट सांग’...?”

“सुरुवातीचं तुझ्यासाठी होतं,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “नंतरचं माझ्यासाठी.”

राजनंदिनीने बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

धोंडिबा बूथच्या दारातून हातवारे करून बोलावत होते. आर्वीला फोन लागला होता. सायकलच्या दुकानाशेजारच्या वाण्याकडच्या फोनवर कुणीतरी ज्ञानदेवांना बोलावून आणलं होतं. राजनंदिनी धावत आत गेली. काचेचं दार तिच्यामागे लागलं. धोंडिबांनी आपलं लाकडी स्टूल बाहेर आणून रुमालाने झटकलं आणि मंदाकिनीबाईंसमोर ठेवलं.

त्या बसल्या. संध्याकाळचं ऊन सोलापूर रस्त्यावरून आडवं येऊन काचेवर पडलं होतं. आत राजनंदिनी ताठ उभी राहून बोलत होती. बोलता बोलता एका हाताने डोळे पुसत होती, हसत होती, पुन्हा बोलत होती. मंदाकिनीबाई तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत शांत बसून राहिल्या. एक गिऱ्हाईक घाईघाईने दाराशी आलं, तशी त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.